इतिवृत्त, कलम चार

नाकुरूला शहराचा दर्जा मिळाला
तेव्हा मला मिळाली नवी खुर्ची, चाकांची.
काम तेच: सभेला बसायचं,
बोललेलं ऐकायचं, आणि
न बोललेलं नीट अक्षरात लिहायचं.

आमच्या भाषेत, म्हणजे फायलींच्या,
कर्ता नसतो.
रस्ता रुंद करण्यात आला.
झाडं काढण्यात आली.
गटाराची दिशा बदलण्यात आली,
जणू रात्री कुणी नसताना
गटारच कुशीवर वळलं.

मार्चमध्ये चर्चच्या मांडवात
जनसहभागाची बैठक झाली.
दोनशे अकरा माणसं. प्रत्येकी एक पाव, एक सोडा.
सोडा हवा तर आधी सही.
तो कागद मीच फिरवला,
वर मथळा नव्हता.
नंतर, सवडीनं, मथळा घालण्यात आला:
"आराखड्यास संमती देणारे रहिवासी."

(घालण्यात आला. बघा, सवय जात नाही.)

सालिना जेरोटिच तेव्हा काही बोलली नाही.
सही केली, सोडा घेतला,
अर्धी बाटली शेजारच्या पोरासाठी ठेवली.
चाळीस वर्षांपूर्वी ती मोजणी खात्यात होती,
साहेब दुर्बिणीतून आकडे वाचायचे
आणि ही उन्हात ताठ उभी,
लाल-पांढऱ्या मोजपट्टीशेजारी
दुसरी मोजपट्टी.
मेनेंगाईच्या उतारावरचा वीत वीत चढउतार
तिच्या टाचांना अजून पाठ आहे.

ऑगस्टात गटार पुरं झालं. उद्घाटनाला
सदस्य न्जाऊ आले, अभियंता ओलूच, कंत्राटदाराचा मेहुणा
आणि रिबीन.
सालिना आली वीस लिटरचा पिवळा कॅन घेऊन.
परवानगी मागितली नाही. भाषणही केलं नाही.
झाकण काढलं नि पाणी ओतलं,
जिथून ते तळ्याकडं जाणं
अपेक्षित होतं, बरोब्बर तिथंच.

पाणी क्षणभर थांबलं.
पाण्याला आराखडा वाचता येत नाही,
त्याला फक्त उतार कळतो.
मग ते वळलं, सावकाश, परत आमच्याकडं,
सिमेंटची भुकटी, एक काडी, रिबिनीचा तुकडा घेऊन,
आणि न्जाऊंच्या तपकिरी बुटांपाशी येऊन
बसलं.

कुणी हसलं नाही. एक पोरगं हसलं.
ओलूच मोबाइल काढून त्यात काहीतरी शोधू लागले.
"पावसाच्या पाण्याला जोर असतो, तेव्हा जाईल," मेहुणा म्हणाला.
सालिना म्हणाली, "जोर असतो खरा.
मग ते माझ्या चुलीत येईल."
एवढंच. रिकामा कॅन वाजवत घरी गेली.

संध्याकाळी वरून निरोप: इतिवृत्तात लिहा,
किरकोळ तांत्रिक बाब निदर्शनास आणून देण्यात आली.
वाक्य चांगलं होतं. असली हजार मी केलीत.
आणून देण्यात.
कुणी आणली, कुणी दिली,
कुणाच्या बुटावर

चाकांच्या खुर्चीत मी मागं सरलो, पुढं आलो.
निवृत्ती एकोणीस महिन्यांवर. मुलीची फी बाकी.
हे शौर्य नाही, आधीच सांगतो:
बराच वेळ मी पेन्सिलीनंच लिहीत होतो.

कलम चार.
सालिना जेरोटिच यांनी गटारात पाणी ओतले.
पाणी उलटे आले.
गटाराची पातळी ओलूच यांनी ठरवली,
न्जाऊ यांनी मंजूर केली,
संमतीचा मथळा मी घातला.

मग शाईनं गिरवलं.
सही करताना अक्षर जरा बिघडलं. राहू दिलं.

फाईल आता वरच्या मजल्यावर आहे,
अजून खाली आलेली नाही.
दोन दिवस तळ्यावर काळं दाटून आलंय,
लिफ्ट बंद,
आणि खालच्या बाकावर सालिना,
नक्कल मागायला आलेली,
मांडीवर अर्जाची पावती, पायाशी
तोच कॅन. भरलेला.