दाढ नव्हे

वरची दाढ, म्हटलं. उजवीकडची.
लवंग दाबली, तुरटीच्या गुळण्या केल्या,
पवनीच्या दातवाल्याकडे दोनशे रुपये ठेवून आली.
तो म्हणे, दाढ ठणठणीत आहे बाई.

तरी वाकली की कपाळात
कोणी जात्याची पाळी सरकवल्यासारखं.
अन् सातऱ्यावर सारं कामच वाकून.
पुढ्यात मिरचीचा ढीग,
देठ मोडा, टाका, देठ मोडा, टाका,
किलोमागे पैसे.

दुर्पता म्हणे, ठसक्याची सर्दी, होते बरी.
पण ठसकाच येत नव्हता मले.
सारा सातरा शिंकत होता
अन् मी ठक्क बसून,
नाकात जसा कोणी ओला कापूस कोंबला.

बाराव्या दिवशी उपकेंद्रात गेली.
मेश्राम सिस्टरनं अंगठ्यानं गाल दाबला,
मग भुवईच्या खाली. डोळ्यात पाणी आलं.
“हाडात पोकळ्या असतात,” ती म्हणे, “छोट्या खोल्या.
दार सुजून बंद झालं की आतलं आतच तुंबते.
दाढेची मुळं त्या खोलीच्या जमिनीलेच टेकली असतात.”
मी म्हटलं, एवढ्या खोल्या तर घरात नाहीत माझ्या.
ती हसली नाही. थर्मामीटर पाहत होती.
“गुरुवारी डॉक्टर येतात. पण डोळा सुजला,
एकाचे दोन दिसले, मान ताठली,
तर गुरुवारची वाट नको पाहू.”

रात्री गंजात पाणी, डोक्यावर चवाळं.
पोरगं दूर बसवलं.
उकळून निववलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ,
एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून सांडायचं.
पहिल्यांदा घशात गेलं. दुसऱ्यांदा कानात.
तिसऱ्यांदा न्हाणीच्या फरशीवर जे पडलं
ते सांगण्यासारखं नाही,
पण इतका आनंद मले लग्नातही झाला नव्हता.

डॉक्टरनं दिल्या तेवढ्या गोळ्या पुऱ्या केल्या.
आठ दिवस सातरा सोडला. मुकादम निनावे
काही बोलला नाही, फक्त माझं पोतं दुसरीले दिलं.

वास परत आला एका सकाळी, चुपचाप.
आधी चुलीतला ओला पळस.
मग खाटेखालची चप्पल.
मग माझा हात.

आठ दिवस मिरचीले न लागलेला,
साबणानं दोनदा घासलेला हात,
अन् नखांच्या आत तीच बसलेली.

निजल्या पोराचं तोंड पुसायले गेली की
ते मान काऊन फिरवते,
दोन वर्षं मी त्याले हट्टी म्हणत होती.

सोमवारी परत जायचं आहे.
तोंडाचं फडकं धुऊन तारेवर टाकलं.
वाळलं. लालच आहे.