बावीस नंबरचं दार

रात्रीचे अकरा. दिवाडीत वीज होती,
हे आधीच नोंदवून ठेवते,
म्हणजे पुढच्या चुका माझ्या नावावर राहतील.

सोसायटीचा सर्व्हर नदीपलीकडे, रायबंदरला,
झेरॉक्स मशीनच्या मागे, अशा टेबलावर
ज्याचा एक पाय जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यावर टेकलाय.
मी इथे पिएदादला, मांडीवर लॅपटॉप घेऊन
लॉग वाचत होते.
रूट. ॲडमिन. टेस्ट. ओरॅकल. पुन्हा रूट.
कुणीतरी, कुठूनतरी, सेकंदाला तीनदा
बावीस नंबरच्या दारावर
भलभलत्या नावांनी हाका मारत होतं.
त्यात राग नव्हता. नळ गळतो तसं नुसतं चाललं होतं.

फेलटूबॅन बसवलेलं होतं. पाच चुका, तासभर बंदी,
मास्तरांनी वर्गाबाहेर उभं करावं तशी.
पण हे दर वेळी नवा पत्ता घालून परत रांगेत.
शेवटी म्हटलं, आधी सगळ्यांना बंद करू,
मग फक्त आपल्याला आत घेऊ.

या वाक्यातला क्रम बघा.
मी तो एंटर दाबल्यावर बघितला.

कर्सर लुकलुकत राहिला,
पण लिहिलेलं एक अक्षर उमटेना.

माझा काका फटू खाजनातली मानस सांभाळायचा.
म्हणायचा, दाराला अक्कल आहे,
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं;
माणूस मध्ये आडवी फळी घालतो
आणि मग स्वतःच्याच शेतात बुडतो.
मी हसायचे. मला वाटायचं, भाताबद्दल बोलतोय.

फेरीबोटीवर मी, माझी स्कूटर आणि बर्फाच्या पेट्यांचा एक टेम्पो.
पणजीकडे कॅसिनोंचे दिवे पाण्यात पसरलेले.
साखळी लावताना आंतोननं विचारलं,
“इतल्या रातीं? कोण दुयेंत?”
म्हटलं, “सर्व्हर.”
“कितें जालें ताका?”
“दार लावलं, चावी आत राहिली.”
त्यानं मान हलवली. त्याच्या पोरानं
गेल्याच महिन्यात गाडीचं तसंच केलं होतं.

ऑफिसात शिळ्या शाईचा वास.
मॉनिटरवरची धूळ बाहीनं पुसली. कीबोर्डचं एम बटण
दोनदा दाबावं लागतं, हे विसरले होते.
आत मात्र सगळं ठीक, लाज वाटावी इतकं ठीक.
ठोठावणं थांबलेलं. एक पॅकेट आत आलेलं नव्हतं.
बाराला क्रॉन उठला होता,
चारशे बासष्ट खात्यांवर व्याज चढवून
कुणाला न विचारता परत निजला होता.
मी बाहेर अडकलेय हे त्याच्या गावीही नव्हतं.

क्रम उलटा केला. आधी माझ्या घरचा पत्ता, मग बाकी जग बंद.
आलेच आहे तर अपडेटही, म्हणून यादी उघडली:
एक्केचाळीस पॅकेजं.
त्यातलं एक इवलंसं, लॉगच्या फायली कापून ठेवणारं,
त्याच्या बदलांच्या नोंदीत शेवटी दोन ओळी:
यापुढे मला जमणार नाही. बाळ लहान आहे.
कुणी सांभाळेल का?
खाली नाव नाही, नुसती आद्याक्षरं.
तीन वर्षं मी त्या माणसाच्या भरवशावर झोपले होते.
वाय दाबलं. आणखी काय करणार होते?

शेवटची फेरी गेली होती. दोन खुर्च्या जोडून आडवी झाले,
पंख्याच्या आवाजात, कमरेत बाक घेऊन.

पहाटेच्या बोटीनं घरी. चहा ठेवला.
लॅपटॉप उघडला, दाराशी गेले, नाव सांगितलं.
काही नाही.
पुन्हा सांगितलं. काही नाही.

रात्री तीनला म्हणे वीज गेली होती.
राउटर जागा झाला तो
नवाच पत्ता घेऊन.

आंतोननं साखळी सोडली, स्कूटरला जागा दिली.
या वेळी काही विचारलं नाही.