पंच क्रमांक दोन

समन्स आलं तेव्हा माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या.
हवालदार केंगार दुकानाच्या पायरीवर,
"सुलोचना वाघोले आपणच ना?"
मी मान हलवली. तोंडात टाचण्या असल्या की
माणसाला फक्त हो म्हणता येतं.

कागदावर माझं नाव होतं पंच क्रमांक दोन.
आठवायला अख्खा दिवस गेला.
सहा वर्षांपूर्वी, बिबवेवाडीत, ऐन दुपारी
कुणीतरी हाक मारली, ताई, दोन मिनिटं या,
नुसती सही करायची.
पंचनाम्यात लिहिलंय, मी स्वखुशीने हजर राहिले.
दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं,
सुई साडीत अर्धी रुतलेली.
खुशी कुणाची, ते लिहिलेलं नाही.

बुधवारी शटर ओढलं. पाटीवर खडूने लिहिलं
"कोर्टात गेले आहे".
लगेच पुसलं, लोक भलतंच समजतील,
आणि लिहिलं "बाहेरगावी".
उपाध्येबाईंच्या पैठणीचा फॉल तसाच राहिला,
शुक्रवारी भाचीचं लग्न.
त्यांनी फोनवर विचारलं, "तुम्हीच का जायचं?"
मी तरी कुणाला विचारू?

स्वारगेटहून मेट्रोने गेले. सरकते जिने
इतक्या खोलातून वर आणतात
की वाटलं, वर गेल्या गेल्या निकालच लागेल.
निघाले ते उलट्या बाजूला.
गेटवर पिशवी तपासली, त्यात कात्री निघाली.
रोजची कात्री, ती पिशवीत असते
जसा कुणाचा चष्मा असतो.
चहावाल्याकडे ठेवायला दहा रुपये,
पावती नाही. विश्वास ठेवा म्हणाला.

बाकावर शेजारी एक माणूस सरकून बसला.
कडक इस्त्रीचा शर्ट, काखेतली शिवण उसवलेली,
वीतभर तरी.
सगळं त्याला पाठ: कुठल्या मजल्यावर पाणी येतं,
कुठले साहेब अकराला बसतात,
कँटीनचा वडा कधी खायचा नाही.
"डबा आणत जा, ताई. इथे दोन वाजले तरी
सकाळच असते."
मग विचारलं, "तुमची केस कुठली?"
मी नंबर वाचून दाखवला.
तो जरा वेळ खिडकीकडे बघत राहिला.
"मिक्सरची," म्हणाला. "माझीच."

पुढे दोघंही गप्प.
मी पिशवी मांडीवर घेतली, मग वाटलं
हे त्याने पाहिलं असेल,
म्हणून परत खाली ठेवली.

तो मिक्सर मात्र मला आठवत होता.
चेहरे नाही, तारीख नाही,
त्या दिवशी इन्स्पेक्टर काय म्हणाले तेही नाही.
तीन भांडी, त्यातल्या चटणीच्या भांड्याला झाकण नव्हतं,
आणि तळाशी कुणाच्या तरी घरचं
खोबरं वाळून चिकटलेलं.
त्यावर लाख लावून सील केलं
आणि चिठ्ठीवर मी सही केली.

पावणेतीनला पुकारा झाला.
सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात होते.
तारीख पडली, एकोणीस.
भत्त्याच्या फॉर्मवर सही मागितली.
कारकुनाने जुन्या सहीशी लावून पाहिली,
"वाघोलेमधला घो वेगळा आलाय."
सहा वर्षांत बोटं आखडलीत, म्हटलं.
त्याने "बरं" म्हटलं आणि पंचेचाळीस रुपये मोजले.
मेट्रो, रिक्षा, कात्री
मी मनात मांडत बसले नाही.

जिन्यावर तो पुन्हा भेटला.
उजवा हात कठड्यावर वर धरलेला,
शिवण आणखी फाटत चाललेली.
दोन टाके घातले तर पुरे, मला दिसत होतं.
साक्षीदाराने आरोपीचा शर्ट शिवावा का,
हे कुठल्या कलमात बसतं, मला माहीत नाही.
सुई तर होती, पदराला टोचलेली.
"एकोणीसला या म्हणजे," तो म्हणाला,
जणू बारशाचं आमंत्रण.

रात्री पैठणी संपवली. डोळे चुरचुरत होते.
सकाळच्या चटणीसाठी खोबरं काढून ठेवलं,
मिक्सर ओट्यावर घेतला,
आणि उगीचच
झाकण शोधत राहिले,
समोर होतं तरी.