छत्तीस पॉइंट

छापखाना विकला तेव्हा बाबांनी यंत्र दिलं, केसेस दिल्या,
टाइप दिला नाही.
एकशेदहा किलो अक्षरं
अनगोळच्या घरी, न्हाणीत, खताच्या पोत्यांतून.
बंबात ढलप्या घालायला वाकलं
की पायाला बोचायची एखादी वेलांटी.

सुभेदार भरमाणी घाडी जांबोटीहून यायचे.
बत्तीसचं रिव्हॉल्व्हर, त्याचं लायसन्स,
आणि लायसन्सहून जपून ठेवलेला वनखात्याचा कागद:
डुकरं, इतकीच, अमुक तारखेपर्यंत.
दुकानातल्या गोळ्या त्यांना परवडत नव्हत्या,
आणि बाबांना ती पोती बघवत नव्हती.

पळीत पहिल्यांदा गेला चोवीस पॉइंट काळा,
मग लग्नपत्रिकांचा वळणदार,
मग शहापूरच्या गिऱ्हाइकांसाठी घेतलेला कन्नड.
"बारीक आधी जातं," बाबा म्हणाले,
"अनुस्वार बघ. गेले पण."
मळ वर आला, तो चमच्यानं काढला.
खाली आरसा. त्यात न्हाणीचं एक कौल.

जांभ्याच्या पडक्या खाणीत
पाच महिन्यांची वर्तमानपत्रं
रात्रभर पिंपात भिजवून सुतळीनं आवळलेली,
मराठी, कन्नड, हाताला लागली तशी.
वही माझ्याकडे. कान झाकायला मग हात उरले नाहीत.
टिटवी ओरडत उठली ती बराच वेळ खाली बसेना.

पहिली गोळी गठ्ठ्यामागच्या मातीत सापडली,
साच्यातून निघाली तशीच, कड शाबूत.
बाबांना लपवता आलं नाही:
"अँटिमनी. लाख प्रती काढल्या तरी झिजत नव्हता हा टाइप."
"तेच वाईट की हो," सुभेदार म्हणाले.
"आरपार जाईल, आणि डुकराला पत्ता नाही.
दोन दिवस रगत सांडत हिंडंल करवंदीत.
तसलं पाप नको मला.
आत गेली की फुलाया पाहिजे. जागच्या जागी."

मग त्यांच्या जुन्या नळाच्या पाइपचं मऊ शिसं आलं.
नुसतं त्याचं केलं तर गोळी शेणाच्या गोवरीसारखी थापली गेली,
जाहिरातींच्या पानापुढं सरकली नाही.
बाबांनी पितळी पट्टी लावली, डोळा बारीक केला,
आणि माझ्या वहीत लिहिलं, "लेड कमी करा."
ओळी फार विरळ झाल्या की प्रुफावर
हेच लिहायचे, चाळीस वर्षं.

आठ रविवार गेले त्यात.
खाणीत जाताना दोघं बोलायचे नाहीत,
येताना थांबायचे नाहीत.
एकमेकांना कधी नावानं हाक नाही,
"सुभेदार," "प्रेसवाले," बस.

नवव्या रविवारी पानं उलटत उलटत
मी आत हात घातला, लगद्यात, कोमट,
आणि बोटांना लागली
पावसाळ्यात वारुळावर उगवते तशी अळंबी.
जाताना बावीस-तेवीस पॉइंट.
आता छत्तीस.
"छत्तीसचा आकडा," सुभेदार हसले.
"जुळला म्हणा की!"

डुक्कर त्यांनी एकच मारलं त्या साली.
जागीच बसलं, म्हणाले. पाय झाडले नाहीत.
वाटा पाठवला होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत,
पोट बरं नाही म्हणाले.
उरलेली पोती मग तशीच राहिली.

ती अळंबी अजून माझ्याकडे आहे,
सुया-दोऱ्याच्या डब्यात.
फुललेल्या कडेखाली कागदाची एक फोडणी अडकलीय,
वाळून दगड झालेली. तिच्यावर अर्धं अक्षर.
गोल आहे. कन्नड असेल,
नाहीतर आपला ळ, एका बाजूनं फाटलेला.
सुईनं काढून बघता आलं असतं.
मी डबा उघडते, बटण घेते,
लावून टाकते.