उशिराचा शिक्का

रिकामं पाकीट होतं. आत पत्र नव्हतं.
पारोळ्याच्या भंगारवाल्याकडे
पितळी कुलपांखाली दबलेलं,
चाळीस रुपयांत आलं.
सौ. नर्मदाबाई दगडू शिंपी,
मु. पो. अमळनेर, जि. पूर्व खानदेश.
सन शेहेचाळीस.
आणि मागे, आडवा, जांभळा, बोटभर शिक्का:
मिससेंट टू धुलिया.
म्हणजे चुकून धुळ्याला जाऊन आलेलं.
त्या चुकीचे बाराशे आले मला.

सिलचरचे प्रबीर देव अशीच टपालं जमवतात.
वेळेवर पोचलेलं त्यांना नको असतं.
सायकलीचं दुकान आहे माझं, स्टेशन रोडला;
पंक्चर काढता काढता जोडीला हा धंदा,
सहा वर्षं झाली:
लोकांचा जुना उशीर विकतो.

दोन पुठ्ठे, मध्ये प्लास्टिक, चारी कडांना चिकटपट्टी.
खिडकीतून वानखेडेबाईंनी विचारलं,
विमा करायचा का?
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, मागे रांग.
म्हटलं, नको हो, साधा कागदच आहे.
हे वाक्य तेव्हापासून
रोज माझ्याच आवाजात ऐकतो.

मोबाईलवर: भुसावळ. पिशवीत भरले.
दुसऱ्या दिवशी: भुसावळ. पिशवीत भरले.
जिथून सगळ्या मुलखाला गाड्या सुटतात
तिथंच ते बसून राहिलं,
एकोणीस दिवस,
लग्नात रुसलेल्या मामासारखं.

प्रबीरबाबूंनी आधी लिहिलं, नमस्कार दादा.
आठवड्यानं, सर.
मग, डियर सेलर, पावतीचा फोटो पाठवा.

पावती स्कूटरच्या डिकीत होती.
आमच्याकडच्या मे महिन्यात
डिकीतला पानासुद्धा हाताला चटका देतो,
तो तर पोस्टाच्या यंत्रातला गुळगुळीत कागद.
अख्खा काळा पडला होता,
तव्यावर विसरलेल्या भाकरीगत.
नंबर तेवढा दूधवाल्याच्या कॅलेंडरवर
टिपून ठेवलेला.
काळ्या पावतीचाही फोटो पाठवला.
त्यावर दोन दिवस काहीच उत्तर नाही.

भिला नाना, बीटचे पोस्टमन,
दुकानाच्या पायरीवर टेकून म्हणाले,
यी जाई रे भाऊ.
कागदले पाय नहीत, तरी बी तो चालस.
तक्रार नोंदवली. तक्रारीलाही नंबर मिळाला.
आता दोन नंबर रोज बघायचे.

शेवटी बाराशे परत केले,
वर टपालखर्च, त्यांनी न मागितलेला.
शैला म्हणाली, हरवलं त्यांनी, भरताय तुम्ही.
मी म्हटलं, विम्याला नाही कोण म्हणालं?
ती भाजी निवडत राहिली.

रात्री विक्रीआधी काढलेले फोटो मोठे करून पाहिले.
पुढचा शिक्का, मागचा शिक्का. तारखा मोजल्या.
अकरा दिवस.
धुळे इथून किती? एस.टी.नं तास-सव्वा तास.
अकरा दिवस नर्मदाबाई
दारात सायकलची घंटी वाजली की
हातातलं टाकून उठल्या असतील,
किंवा त्यांना माहीतही नसेल
की काही यायचं होतं.
आत काय होतं, बाळंतपण की मरण,
की नुसतं, साडीचा रंग कळवणे,
ते कुणी काढून घेतलं कोण जाणे.
मी फक्त
त्या अकरा दिवसांचा भाव ठरवला होता.
आणि चांगला ठरवला म्हणून खूश होतो.

काल सिलचरहून आलं: दादा, पैसे मिळाले.
पुन्हा दादा.
खाली आणखी एक ओळ:
परत तुमच्याकडे आलंच तर
बाहेरचं पाकीट फोडू नका,
त्यावर कुठे कुठे शिक्के पडलेत तेवढं सांगा.
हसू आलं. मग नाही आलं.

साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी
नानांच्या सायकलीचा ब्रेक करकरतो.
मीच बसवलाय तो, आवाज ओळखतो.
हात वंगणाचे, तसाच उठतो.
नाना पिशवी पुढे घेतात,
वीजबिल देतात एक, पाणी मागतात,
आणि म्हणतात, मागच्या चाकात
हवा कमी वाटते, बघ जरा.