गॅपचं प्रतिज्ञापत्र

ईबीसीच्या फॉर्मला काय काय जोडायचं
ते उबाळे सरांनी खिडकीतून एका दमात सांगितलं,
मी तळहातावर लिहून घेतलं.
रेशनकार्ड. उत्पन्नाचा दाखला, चालू सालचा.
बारावीची मार्कलिस्ट, तीन प्रती.
मग मार्कलिस्टवरचं साल बघून त्यांनी मान वर केली,
"आणि गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट.
सहा वर्षं कुठे होता?"

भांडुपला, म्हटलं.
मागची मुलं हसली.

त्या रात्री आई आणि मी उत्पन्न काढायला बसलो.
झिपला रनर लावायचे, बारा डझनाला अकरा रुपये.
दिवाळीआधी माल दुप्पट,
मे महिन्यात शेठ गावी, म्हणजे शून्य.
आईनं वर्षाचा हिशोब कधी केलेलाच नाही,
आठवड्याचा करते, शनिवारपर्यंतचा.
आकडा आला तेव्हा म्हणाली, एवढे?
मग गेले कुठे?

तहसीलमधला माणूस म्हणाला, एवढेच?
मग राहता कसे?

बाहेर बदामाच्या झाडाखाली डिमेलोकाकांचं टेबल.
कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलीत,
बोटांना त्याचं काही नाही.
"मजकूर तयार असतो. तू नाव सांग आणि सालं."

मी, वनिता दत्ताराम घाडीगावकर, वय चोवीस,
राहणार टेंभीपाडा,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही,
कोणतीही नोकरी अथवा उद्योग केलेला नाही,
घरीच होते.

काका, ते 'घरीच होते' काढता येईल?
"का? घरी नव्हतीस?"

होते.
बाबा परांचीवरून पडले तेव्हापासून होते,
दर दोन तासांनी त्यांची कूस बदलत होते,
राजावाडीत फिजिओच्या टोकनासाठी
पहाटे साडेचारला दाराशी बसत होते,
पिशवी बदलायला नर्सकडून शिकले एकदाच बघून,
आणि उरलेल्या वेळात रनर. लाल, काळे, खाकी.
नखाखाली अजून एक खूण आहे, दाखवू?

काकांनी बघितलं नाही. चहा संपवला.
"बाळा, हे लिहिलं तर उद्योग धरतील.
उद्योग धरला की उत्पन्न विचारतील.
मग फी माफ कुणाची करायची?
फुली आहे तिथे सही कर."

केली.
आत्या म्हणतेच, या वयात कॉलेज म्हणजे नसते उद्योग.
आता तर नोटरीचा शिक्काही आहे.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा बोर्ड बाबांनी रंगवलेला.
'झे' अजून लाल, बाकीची अक्षरं गुलाबी पडलीत,
खाली बारीक, वाचायला वाकावं लागतं असं: दत्ता आर्ट्स.
तीन प्रतींचे सहा रुपये.
त्यानं सहाही घेतले.

घरी बाबांनी डावा हात पुढे केला.
कागद छातीवर ठेवून वाचत राहिले,
'उद्योग केलेला नाही'पाशी बोट थांबलं.
त्यांचं बोलणं अर्धंच फुटतं,
ते आईला आणि मलाच कळतं.
मी वाट बघत राहिले.

"मार्जिन," म्हणाले.

खरंच, डावीकडे जागा कमी सोडली होती काकांनी.
सगळी ओळ कडेला चिकटून उभी,
जराशा धक्क्यानं पडेल अशी.
बाबांनी पुसून पुन्हा काढली असती,
खडूची दोरी धरून, एक डोळा मिटून.

फॉर्म सोमवारी द्यायचा आहे.
चार गड्डे माल बाकी आहे शनिवारचा.
दिव्याखाली बसलो दोघी.
आईनं विचारलं, हे चालू सालात धरायचं का गं?

मला एकदम सांगता येईना.
रनर मध्येच अडकला होता.
दातांवर मेणबत्ती घासली,
गेला.