माहेर लोहगाव, सासर दाबोळी

गुरुवारी तिकीटखिडकीवर गर्दी नसते,
म्हणून आम्ही गुरुवारीच जातो.
हणमंत जाचक, हवाई दलाचा वॉरंट ऑफिसर,
आणि मी, नौदलाचा चीफ, विमानांच्या पोटात
एकोणीस वर्षं पाना घेऊन रांगलेला.
दोघांचे मिळून गुडघे चार, त्यात चालणारा एक.

बोगमाळोच्या उतारावर रिक्षावाला कायतान विचारतो,
'आज कोणाची पाळी, भांडण काढायची?'

ती उभी असते समुद्राकडे पाठ करून,
तीन शेपट्यांची, पाठीला मासोळीचा बाक,
चारही पंख्यांना आता नुसतं ऊन लागतं.
हणमंत टोपी काढतो आणि न चुकता म्हणतो,
'लेक आमची. लोहगावात वाढली.
शहात्तर साली तुमच्या पदरात घातली
आणि तुम्ही तिला खाऱ्या वाऱ्यात उभी केलीत.'

मी म्हणतो, 'व्याहीबुवा, सोयरीक जुळवताना
तिसऱ्या इंजिनाचं काही बोलला नाहीत.
पहिल्याच रात्री बादलीभर तेल गाळलं तिनं.'
'तेल गळतंय म्हणजे तेल आहे.
गळायचं थांबलं की घाबरायचं.'
हे वाक्य खरं माझं. त्यानं कधी उचललं, आठवत नाही.

'आणि तुमचे ते वैमानिक! दोनशे फुटांवर!
आमच्याकडे एवढ्या उंचीवर पोरं पतंग उडवतात.'

मग मला सांगावंच लागतं.
दहा दहा तास नुसतं पाणी बघणं,
भुर्जीचा वास, हायड्रॉलिकचा वास,
चौदा माणसांचे मोजे,
थर्मासातला चहा, जो रत्नागिरीपुढे चहा राहत नसे,
आणि रडारवाला परेरा, डोळे न हलवता
कोकणीत स्वतःशीच पत्ते मोजणारा.
एकदा खाली एका मचव्यावरच्या माणसानं
हातातली सुरमई उचलून आम्हाला दाखवली.
एवढी ताजी होती की शेपूट हलताना दिसली.
वीस हजार फुटांवरून हे दिसत नाही, हणमंत.

तो म्हणतो, 'वीस हजारांवर आम्ही जेवत असायचो.'

उतरलं की तिला गोड्या पाण्यानं धुवायचं,
रात्री दोन वाजले तरी, नाहीतर मीठ पत्रा खातं.
गावी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा
आणि मी इथे पाइप धरून तिची मान भिजवायचो.
घरच्या पत्रात हे कधी लिहिलं नाही.
हणमंतला मात्र सांगून बसलो,
तेव्हापासून ऐकतोय: 'विमान धुता का म्हैस?'

परवाच्या गुरुवारी त्याच्या पिशवीत
पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि एक टॉवेल,
पांढरा, काठाला निळी नक्षी,
पाहुण्यांसाठी राखलेला असावा असा.
पहाऱ्यावरचा पोरगा, कोवळ्या मिशांचा,
'हात लावू नका'च्या पाटीकडे बघितल्यासारखं करून
आमच्याकडे पाठ फिरवून उभा राहिला.

हणमंत वाकला. त्याला वाकायला किती वेळ लागतो
ते मी सांगणार नाही, आम्ही मित्र आहोत.
पुढच्या चाकाची कड पुसली, मग दांडा,
हात पोचेल तिथपर्यंतच.
'मीठ किती चढलंय रे,' म्हणाला,
आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळे मला काही सुचेना.

'माहेरपण करतोयस,' एवढंच म्हटलं शेवटी.
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

टॉवेल उलगडला तर मधोमध
तळहाताएवढा काळा डाग, ओशट.
दोघांनी आळीपाळीनं वास घेतला.
चाळीस वर्षं ती उडाली नाही.
पहाऱ्यावरच्या पोराला बोलावून त्यालाही वास दिला.

परतताना रिक्षात चिखलीपर्यंत एकच वाद,
हा टॉवेल घरी कसा न्यायचा.
'नौदलाचं नाव सांगतो,' हणमंत म्हणाला,
'तिला पटेल.'